माळीणचा स्तंभ : नावे आहेत, कारण नाही

१

स्मारक हा वाङ्मयप्रकार आहे असे म्हटले तर आपले समीक्षक हसतील. कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि फार तर आत्मकथन, एवढ्यावर त्यांचे जग संपते. परंतु गावाच्या वेशीवर उभा केलेला दगड आणि त्यावर कोरलेल्या दहा-वीस ओळी, हा मजकूर जितके लोक वाचतात तितके आपल्या अनेक मान्यवर कवींच्या वाट्याला येत नाहीत. त्या मजकुराला लेखक असतो. त्यामागे भूमिका असते, शब्दांची निवड असते, आणि काय गाळावयाचे याचाही विचार असतो. तेव्हा जो प्रश्न आपण कवितेला विचारतो, हा शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे, तोच प्रश्न दगडावरच्या मजकुरालाही विचारला पाहिजे.

दलित वाचकाला तर हे अधिकच लागू आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली, आणि पुढे आलेल्या आत्मकथनांनी, नेमके काय केले? ज्या माणसांची नोंद कुठल्याही दप्तरात नव्हती, असली तर जातीच्या नावाने होती, त्यांना नावानिशी, गावानिशी, भुकेनिशी उभे केले. ती आत्मकथने एका अर्थाने स्मारकेच होती. फक्त त्यांना दगड नव्हता, अनुदान नव्हते आणि अनावरणाला मंत्री नव्हता. ज्या साहित्याने मेलेल्यांना नाव दिले त्या साहित्याच्या वाचकाने, इतरांनी मेलेल्यांना दिलेली नावे तपासून पाहू नयेत, हे बरोबर नाही.

प्रस्तुत लेखात मला बोलावयाचे आहे ते माळीणच्या स्तंभाविषयी. हा लेख पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीतून लिहिला जात आहे, आणि त्याचा विषयाशी संबंध आहे. पवनेच्या काठावरची ही वस्ती एक-एक, दोन-दोन गुंठ्यांवर घरे बांधून राहिलेल्या कामगारांची. नदीपलीकडे पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांना तेथे वसविले गेले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून जशी माणसे या पट्ट्यात पोटासाठी आली, तशी जवळच्या खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतूनही आली. पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर असे वर जात राहिले की डावीकडे घोडेगावचा फाटा लागतो, आणि त्या वाटेने पुढे डोंगरात माळीण. म्हणजे तो स्तंभ परक्या मुलखातला नाही. आपल्याच कारखान्यांच्या मागच्या अंगणातला आहे.

२

माळीण हे महादेव कोळी आदिवासींचे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसात, गावामागचा डोंगर सुटला आणि चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे मेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्याकडून बातमी बाहेर गेली. पुढे आठवडाभर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान प्रेते काढीत होते. केंद्रीय गृहमंत्री येऊन गेले. देशभरच्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर माळीणचे नाव छापले. त्या दिवसापर्यंत हे गाव कोठे आहे हे पुण्यातल्या सुशिक्षित माणसालाही सांगता आले नसते. राष्ट्राला या गावाची ओळख ते नाहीसे झाल्यावर झाली.

आज जुन्या माळीणच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. त्यावर मेलेल्यांची नावे आहेत. दरवर्षी ३० जुलैला उरलेले नातेवाईक तेथे जमतात, फुले वाहतात, नावांवरून हात फिरवतात.

प्रथम या स्तंभाचे जे मोठेपण आहे ते मान्य केले पाहिजे. आपल्याकडच्या सरकारी स्मारकांचा एक साचा ठरून गेला आहे. १९८० नंतर, बॅ. अंतुले यांच्या कारकिर्दीत, स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांची स्मारके राज्यभर गावोगाव उभी राहिली. हेतू चांगला होता. पण पुढे त्यांतील अनेकांची अवस्था काय झाली, कुठे कुलूप, कुठे पत्त्यांचा डाव, कुठे कडब्याच्या गंजी, हे गावात राहणाऱ्याला सांगावयास नको. त्यानंतरच्या स्मारकांत तर आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे कोनशिला. स्मारकाहून कोनशिला मोठी, आणि तिच्यावर ‘यांच्या शुभहस्ते’. मेलेल्यांच्या दारात ‘शुभ’ हा शब्द लिहिताना ज्यांचा हात थरथरत नाही, त्यांच्या हातून दुसरे काय घडणार?

या पार्श्वभूमीवर माणसांची नावे एकाखाली एक लिहिणे ही साधी गोष्ट नाही. यादी हा वाङ्मयाचा सर्वांत गरीब प्रकार आहे. तिच्यात उपमा नाही, अलंकार नाही, क्रियापदसुद्धा नाही. म्हणूनच तिच्यात खोटे बोलणे अवघड असते. ‘१५१ बळी’ असे लिहिले की वाचणारा हळहळतो आणि पुढे जातो. एकाच आडनावाखाली सात-आठ नावे आली, आजा, बाप, सून आणि पाळण्यातले पोर अशी, की पाय थांबतात. त्या आडनावाच्या घरात कोणी उरले का, हा प्रश्न आपोआप मनात येतो. आकडा हा प्रशासनाचा शब्द आहे, नाव हा माणसाचा शब्द आहे. ज्या आदिवासीचे नाव हयातीत शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आणि सावकाराच्या वहीत, एवढ्याच ठिकाणी लिहिले गेले, त्याचे नाव प्रथमच दगडावर आले. यात कोणी लहानपणा मानू नये.

३

नावांना असलेले हे महत्त्व आपल्याला इतरांनी शिकविण्याची गरज नाही. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने गेले, की काही कोसांवर कोरेगाव भीमा आहे. तेथला स्तंभ दलितांनी उभारलेला नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने आपल्या पराक्रमाची खूण म्हणून तो १८२१ साली उभारावयास घेतला. आपल्या फौजेतल्या माणसांचा अभिमान आणि आपल्या सत्तेचा दरारा, हे त्याचे प्रयोजन. परंतु त्या साहेबाने एक गोष्ट केली. त्याने मेलेल्यांची नावे कोरली. त्या ४९ नावांत २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. त्या प्रत्ययाचा अर्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाराला वाचता येत होता.

शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. दगड तोच, अक्षरे तीच, वाचणारा बदलला. साम्राज्याने स्वतःच्या गौरवासाठी लिहिलेल्या मजकुरातून अस्पृश्यांनी आपला इतिहास काढून घेतला. त्यांना हे करता आले याचे कारण एकच : तेथे नावे होती. ‘आमचे शूर शिपाई’ एवढेच लिहिलेले असते तर १९२७ साली वाचावयास काय उरले असते? यावरून स्मारकाच्या समीक्षेचा पहिला नियम सांगता येतो. नाव लिहिले असेल तर लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो, पुढच्या पिढीला त्या दगडाशी बोलता येते. नाव नसेल तर दगड मुका राहतो.

आणि दगडावरचे शब्द ही शोभेची बाब नाही, हेही याच परिसराने दाखविले. कोरेगावापासून जवळच वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून २०१७ च्या डिसेंबरअखेर वाद पेटला. छत्रपती संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, हे त्या फलकावर लिहिलेले होते. तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. फलकावरच्या चार ओळी ज्यांना सहन होत नाहीत त्यांना त्या ओळींची ताकद आपल्या समीक्षकांपेक्षा अधिक कळते, असे म्हणावे लागेल. दगडासाठी कोणी भांडत नाही. भांडण होते ते त्यावर लिहिलेल्या शब्दांसाठी.

४

आता माळीणच्या स्तंभाची दुसरी बाजू पाहू. नावे आहेत. तारीख आहे. मग नाही काय? ही माणसे कशाने मेली, याचे उत्तर तेथे नाही. ‘दुर्घटना’ हा शब्द आपण उत्तर म्हणून स्वीकारतो, पण ते उत्तर नव्हे. दुर्घटना म्हणजे वाईट घटना. घटना वाईट होती हे १५१ नावे वाचणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

त्या वेळची वृत्तपत्रे उघडून पाहावीत. ‘काळाने घाला घातला’, ‘निसर्ग कोपला’, ‘नियतीचा क्रूर खेळ’. ही मराठी कोणाची आहे? काळ, निसर्ग, नियती, हे तीन कर्ते आपल्या भाषेत नेहमी हाताशी असतात. त्यांना कधी समन्स निघत नाही, त्यांची कधी उलटतपासणी होत नाही. पूर्वी अस्पृश्याच्या दुःखाला ‘पूर्वजन्मीचे संचित’ असे उत्तर होते. आता आदिवासीच्या मरणाला ‘नैसर्गिक आपत्ती’ असे उत्तर आहे. दोन्ही उत्तरांचे काम एकच, प्रश्न बंद करणे.

पाऊस नैसर्गिक होता, हे कोण नाकारतो? सह्याद्रीची कातळावरची माती पाण्याने फुगून सुटते, हेही खरे. परंतु पावसाच्या वाटेत कोण उभे होते आणि का, हा प्रश्न निसर्गाचा नाही. याच खोऱ्यात डिंभे धरण झाले. त्या धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. तालुक्याला आजही त्याचे नाव आहे, गाव मात्र पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावला आहे. एका बुडालेल्या गावाचे नाव रोज सरकारी कागदांवर उमटते, ते लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही विपरीत वाटत नाही. कुकडी प्रकल्पातले हे पाणी खाली सपाटीवर गेले. बागायती झाली, ऊस झाला. खोऱ्यातली सखल जमीन ज्यांची गेली त्यांना उरला तो उतार. उतारावर भातखाचरे पाडण्याची ‘पडकई’ ही आदिवासींची जुनी रीत. माणसांनी आणि बैलांनी, एकमेकांच्या साहाय्याने करावयाचे ते काम. पुढे ती सरकारी योजना झाली आणि डोंगरावर यंत्रे चढली. माळीणनंतर या यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाविषयी कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारले. तज्ज्ञांत मतभेद झाले : कोणी पावसाकडे आणि भूरचनेकडे बोट दाखविले, कोणी माणसाच्या हस्तक्षेपाकडे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल २०११ मध्येच दिला होता. तो राजकारणाला जड गेला, आणि त्याचे काय झाले ते जगजाहीर आहे.

कारणाविषयी मतभेद असू शकतात. पण मतभेद आहेत म्हणून कारणाचा विषयच वगळावयाचा, ही सोय कोणाची? आता पुढे काय झाले ते पाहा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. मेलेल्यांचा आकडा ८० च्या वर गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, ठाकर आदिवासींची वाडी. २७ प्रेते सापडली, ५७ माणसे बेपत्ता असतानाच शोध थांबविण्यात आला. आणि सरकारनेच सांगितले, की दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. यादीविषयी वर जे चांगले म्हटले ते येथे उलटे होते. आपल्या देशात दोन याद्या आहेत. एक, जिवंत माणसाला वाचविण्यासाठी करावयाची यादी. दुसरी, मेलेल्यांच्या स्तंभावर कोरावयाची यादी. आदिवासीचे नाव पहिल्या यादीत येत नाही, म्हणून ते दुसऱ्या यादीत येते. माळीणच्या स्तंभावर पहिल्या यादीविषयी एक ओळ जरी असती, तरी तो स्तंभ केवळ स्मृतीचा न राहता इशाऱ्याचा झाला असता. आज तो रडण्याची जागा आहे. रडण्याची जागा हवीच. परंतु रडून झाल्यावर माणसाने तेथून काय घेऊन परतावे, याचे उत्तर त्या दगडाजवळ नाही.

पुनर्वसनाची कथाही याच गाळलेल्या ओळीत बसते. आमडे गावच्या हद्दीत नवे माळीण बांधले गेले. २ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, तेथले रस्ते आणि भराव खचले. तीन वर्षांपूर्वी डोंगराखालून निघालेली माणसे पुन्हा रात्री जागून काढू लागली. याला कोणती नियती म्हणावयाचे?

५

कारण दगडावर लिहिता येत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने भोपाळला जावे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. नेमकी किती, याविषयी सरकारचा आकडा आणि बाधितांचा आकडा यांत आजही मोठे अंतर आहे. कारखान्यासमोरच्या गरीब वस्तीत १९८५ साली एक शिल्प उभे राहिले. ते करणारी रूथ वॉटरमन ही डच शिल्पकार. नाझी नरसंहाराची झळ तिच्या कुटुंबाला लागलेली. पदराशी मूल घेऊन, हाताने तोंड झाकून पळणारी एक बाई, आणि तिचे वस्त्र धरून मागे ओढले जाणारे दुसरे मूल. शिल्प साधे आहे, सिमेंटचे आहे. पण त्याखालचा मजकूर साधा नाही. त्यात कंपनीचे नाव आहे आणि तिला मारेकरी म्हटले आहे. न्यायालयाचा निकाल येण्याची वाट त्या वस्तीने पाहिली नाही. २०१० साली निकाल आला तेव्हा दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. न्यायालय २५ वर्षांनी जे अर्धवट बोलले ते त्या दगडाने पहिल्याच वर्षी पूर्ण सांगितले होते. मेलेल्यांची नावे मात्र तेथे नाहीत. भोपाळच्या दगडावर कारण आहे आणि नावे नाहीत. माळीणच्या दगडावर नावे आहेत आणि कारण नाही. हे दोन अर्धे दगड एकत्र आले तर एक पुरे स्मारक होईल.

आपल्याकडे कारण सांगण्याची एक वेगळी रीत लोकांनीच शोधली. ती म्हणजे ‘शहीद’ हा शब्द. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजातील ११४ माणसे मेली, बहुतेक बाया आणि लेकरे. सरकारी भाषेत ती ‘चेंगराचेंगरी’. समाजाने तिथल्या स्मारकाला नाव दिले ‘गोवारी शहीद स्मारक’. चेंगरून मेलेल्याला शहीद कसे म्हणावयाचे, असे शब्दकोशातला पंडित विचारील. गोवारी माणसाचे म्हणणे असे, की आम्ही मागणी घेऊन आलो होतो, जत्रेला आलो नव्हतो. म्हणून हे मरण अपघाती नाही. एका शब्दात त्यांनी चौकशी आयोगाला उत्तर दिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १० माणसे मेली. त्यांनाही वस्तीने शहीद म्हटले. दरवर्षी त्या तारखेला वस्ती जमते, आणि लहान पोरालाही गोळी कोणी झाडली हे ठाऊक असते. तेथे स्मृती आणि कारण यांची फारकत झालेली नाही.

अर्थात, या शब्दालाही धोका आहे. ‘शहीद’ म्हटले की मरण उदात्त होते, आणि उदात्त झालेले मरण सत्तेला सोयीचे वाटू लागते. ज्याला जगावयाचे होते, संध्याकाळी घरी जाऊन भाकर खावयाची होती, त्याला आपण मरणोत्तर त्यागमूर्ती करून टाकतो. म्हणून नुसता ‘शहीद’ पुरा नाही. कोणी मारले, कशासाठी मारले, हे त्याच्या शेजारी राहिले पाहिजे.

६

आणि आता आपल्या पट्ट्याकडे या. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण, रांजणगाव. मोटारी, औषधे, रसायने, सुटे भाग. येथे चौकाचौकांत पुतळे आहेत, कमानी आहेत, उद्यानांना नावे आहेत. यंत्रावर मेलेल्या माणसाच्या नावाची साधी पाटी मात्र शोधून पाहावी.

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यात उरवडे येथे रासायनिक कारखान्याला आग लागली. किमान १७ कामगार मेले, त्यांत १५ बाया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाज्यांसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. सहा बाया जागच्या जागी गेल्या. पुढे रुग्णालयात आणखी मरत गेल्या. दुसऱ्याच्या लेकराच्या वाढदिवसाची मेणबत्ती बनविताना रोजंदारीवरची बाई जळून मरते, यावर कविता करावयाची गरज नाही, इतके ते उघड आहे. पण त्या जागी दगड नाही. दगड उभारला तर कारण लिहावे लागेल, परवाना कोणाचा होता, तपासणी कोणी करावयाची होती, दारे किती होती. म्हणून तेथे दगड नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक बाई. हे पाणी आपल्याचसाठी न्यावयाचे होते. काळेवाडीच्या नळाला जे पाणी येते ते पवनेचेच. शहराने हे विसरणे सोयीचे असले तरी शहरातल्या दलित-श्रमिकाने विसरू नये, कारण धरणाखाली जमीन जाणे, पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालणे, हे त्याच्या आप्तांचेही प्राक्तन करून ठेवलेले आहे.

आणि गटारात उतरणारा माणूस? त्याचे स्मारक तर कोणाच्या कल्पनेतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात सांगितले, की १९९३ पासून गटारात मेलेल्यांची यादी करा आणि प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख झाली. म्हणजे मेलेल्यांची नावे लिहा, एवढे सांगावयास या देशात सर्वोच्च न्यायालय लागले. माझ्या मते ती यादी हेच त्यांचे आजचे एकमेव स्मारक. ती कचेरीतल्या कपाटात आहे, दगडावर नाही, एवढाच फरक. तिच्यातल्या नावांची जात कोणाला विचारावी लागणार नाही. कोरेगावच्या ‘नाक’ प्रत्ययासारखी ती आपोआप वाचता येईल.

७

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. ज्याचे अख्खे घर गेले त्या माणसाला स्तंभापाशी जाऊन हुंदका देऊ द्या; तेथे कसले राजकारण आणता? कारणाची ओळ कोरली तर त्याला दरवर्षी जखम उकलल्यासारखे होईल. स्मारक म्हणजे चौकशी अहवाल नव्हे.

या आक्षेपात माया आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याचे घर गेले त्याला कारण ठाऊक असते. त्याच्या मनात ते रोज उकलते. दगडावर नाही लिहिले म्हणून ते थांबत नाही. दगडावरची ओळ त्याच्यासाठी नसते. ती बाहेरून येणाऱ्यासाठी असते : भीमाशंकरला जाता जाता वाट वाकडी करून ‘माळीण बघायला’ येणाऱ्या कुटुंबासाठी, शाळेच्या सहलीतल्या पोरासाठी, नव्याने बदलून आलेल्या तहसीलदारासाठी. त्यांना हुंदका नको आहे, माहिती हवी आहे. शोक एकट्या आप्तांनी करावा आणि जबाबदारी कोणीच घेऊ नये, अशी वाटणी करून ठेवणे म्हणजे माया नव्हे.

आणि तज्ज्ञांत मतभेद असताना काय लिहावयाचे? जे वादातीत आहे ते लिहावे. या खोऱ्यातली सखल जमीन धरणाखाली गेली. डोंगरउतारावर वस्ती होती आणि तिला कोणी हलविले नव्हते. पाऊस पडत होता आणि रात्री कोणी उठविले नाही. गाव गेल्याची बातमी यंत्रणेने दिली नाही, एस.टी.च्या चालकाने दिली. नवे गाव व्हायला पावणेतीन वर्षे लागली, आणि पहिल्याच पावसात ते खचले. यात एकही आरोप नाही. ही पाच वाक्ये स्तंभाच्या पायाशी कोरली तर नावांचा अवमान होणार नाही. उलट ती नावे बोलू लागतील.

ही ओळ सरकार लिहिणार नाही, हे उघड आहे. कोरेगावचा दगडही आपण लिहिला नव्हता, आपण तो वाचला. तेव्हा पहिले काम वाचण्याचे आहे. दरवर्षी ३० जुलैला माळीणला, ११ जुलैला रमाबाई नगरात, ८ डिसेंबरला तळवड्यात, नावे मोठ्याने वाचली जावीत, आणि प्रत्येक नावानंतर कारणही सांगितले जावे. तळवड्याला दगड नाही, तर कागदावरून वाचावीत. आदिवासी, दलित, आणि परप्रांतातून आलेला कामगार यांनी एकमेकांच्या याद्या वाचावयास शिकावे. आजवर प्रत्येकजण आपलीच यादी उराशी धरून बसला आहे. आपल्या लेखकांनी या याद्या मिळवाव्यात, तपासाव्यात, छापाव्यात. नियतकालिकाचे एक पान यासाठी राखून ठेवावयास फारसा खर्च येत नाही. आणि सह्याद्रीच्या उतारावर आज जी वाडी जिवंत आहे तिचे नाव पहिल्या यादीत आले की नाही, हे येत्या पावसाळ्याआधी तहसील कचेरीत जाऊन विचारावे.